पवईचें तळें आणि चमच्याचा गळ

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर-माथेरान तरी हवें, अशी वाचकांची समजूत असते. आमचा प्रवास मुलुंडापासून पवईपर्यंतचा. आगगाडीनें कांजूरमार्ग आणि पुढें रिक्षा. एवढ्याशा प्रवासाचें वर्णन तें काय लिहावयाचें, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या तळ्याच्या काठावरून आम्हीं तीस वर्षें अंधेरीच्या कचेरीस बसनें येजा केली, तें तळें आम्हीं त्या दिवशीं प्रथमच पाहिलें; म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त झालें आमच्या नातवाचें. थोरल्या चिरंजीवांचें बिऱ्हाड अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानांत आहे. त्यांचा मुलगा, वय वर्षें चौदा, नाताळच्या सुटींत आमच्याकडे आला. मराठी समजतो, बोलतांना अडखळतो. घरांत चौदा माणसें. सर्वांना भेटून झाल्यावर तो दोन दिवस गप्पच होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें पेटींतून एक पत्र्याची डबी काढली. आंत बोटाच्या पेरापासून पेरभर-दोन पेरांएवढे, रुपेरी, सोनेरी, हिरवट-पिवळे असे धातूचे चकचकीत तुकडे होते. आमच्या आत्याबाई नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनीं त्यांतला एक उचलून म्हटलें, “आचमनाची पळी का रे ही? फारच इवलीशी केलीय!” आणि पळीच्या टोकाला तीन कांटे पाहून त्यांनीं ती चटकन् खालीं ठेवली.

ती पळी म्हणजे मासे धरावयाचा चमचा होता. आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या मासा शिजलेला नाहीं. नातवाची इच्छा मात्र एकच, आजोबांबरोबर एकदां तळ्यावर जावयाचें. धाकट्या पुतण्यानें तोड सुचविली कीं धरलेला मासा जिवंत सोडून द्यावा. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “सोडायचाच, तर धरायचा कशाला? आम्ही तिळशाला देवाच्या माशांना लाह्या घालायचों. त्यांना कोणी कांटा दाखवला नाहीं.” या प्रश्नाला घरांत कोणापाशींच उत्तर नव्हतें. आम्ही गेलों तेव्हां तो प्रश्नही आमच्याबरोबर आला.

आदल्या रात्रीं नातवानें न्हाणीघरांतल्या पिंपांत आम्हांला चमच्यांची परीक्षा करून दाखविली. मिनेसोटांत हिवाळ्यांत तळीं गोठतात. बर्फ चार इंच जाड झाल्याखेरीज त्यावर पाय ठेवूं नये, असा तेथील सरकारी इशारा आहे. त्या बर्फाला गिरमिटानें वीतभर रुंद भोंक पाडावयाचें आणि हातभर लांबीच्या काठीनें चमचा सरळ खालीं सोडावयाचा. काठीचें टोक वीतभर उचलावयाचें आणि मग चमचा पडूं द्यावयाचा. पडतांना तो लटपटत, चमकत जातो. खालच्या माशाला वाटतें कीं एखादा जायबंदी लहान मासा बुडतो आहे. मासा झडप घालतो ती चमचा वर जातांना नव्हे, तर बहुधा तो पडतांना किंवा पडून स्थिर झाल्यावर. म्हणून उचलण्यापेक्षां थांबणें महत्त्वाचें, आणि चमचा पडत असतां दोरी फार ढिली सोडूं नये; नाहीं तर झडप हाताला कळतच नाहीं.

चमच्याची निवडही तितकीच विचारपूर्वक करावी लागते. रुंद व पातळ चमचा पिंपळपानासारखा हेलकावे खात सावकाश उतरतो. अरुंद व जाड चमचा सरळ आणि भरकन् तळ गांठतो. वॉलआय नांवाचा मासा मिनेसोटाचें राजमान्य मत्स्यचिन्ह आहे. त्याचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे उजेडांत चमकतात, त्यामुळें अंधुक प्रकाशांत त्याला चांगलें दिसतें, आणि तो पहांटें व तिन्हीसांजेला तळालगत शिकार करतो. त्याच्यासाठीं साडेतीन ते सात ग्रॅमचा चमचा तळापासून हातभर वर नाचवावा. क्रॅपी हा लहानखुरा मासा पाण्याच्या मधल्या थरांत थव्यानें तरंगतो व वर पाहून खातो. त्याच्यासाठीं ग्रॅम-दोन ग्रॅमचा चमचा थव्याच्या किंचित् वर धरावा. खालीं गेलेल्या चमच्याकडे तो ढुंकूनही पाहात नाहीं. त्याचे ओंठ कागदासारखे पातळ, म्हणून हिसका दिला कीं फाटतात. नितळ पाण्यांत रुपेरी रंग, गढूळ पाण्यांत सोनेरी वा भडक, आणि अंधारांत चमकणारा रंग दिलेला, असा साधारण नियम. हें सर्व सांगतांना चिरंजीवांची मराठी एकदांही अडखळली नाहीं, हें आम्हीं मनाशीं टिपून ठेवलें.

या चमच्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांत जूलिओ बुएल नांवाच्या तरुणाच्या हातून होडींत खातांना चमचा तळ्यांत पडला, आणि गिरक्या घेत खालीं जाणाऱ्या त्या चमच्यावर एका मोठ्या माशानें झडप घातली, असें सांगतात. कथा खरी असो वा रचलेली असो, बुएलनें १८५२ सालीं अशा चमच्याचें पेटंट घेतलें हें खरें. परंतु गळाची विद्या पाश्चात्त्यांचीच, असें मात्र समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, खवल्यांचे कोण व बिनखवल्यांचे कोण, कोणास कोणतें खाद्य घालावें, गळाची दोरी व काठी कशी असावी, याचा विचार तेथें राजा स्वतः करतो. आत्याबाईंना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “राजे पुष्कळ काय काय करतात.”

असो. दुसऱ्या दिवशीं आम्ही पवईस गेलों. शेजारचे एक गृहस्थ तेथील संघाचे सभासद. त्यांनीं आम्हांस पाहुणे म्हणून नेलें. मुंबईला पाणी पुरविण्यासाठीं प्रथम विहार (१८६०), मग तुळशी (१८७९) आणि शेवटीं १८९१ सालीं पवई, अशीं हीं तळीं बांधण्यांत आलीं. पैकीं पवईचें पाणी पिण्यास योग्य नाहीं असें लौकरच ठरलें. आज तें कारखान्यांकडे आणि आरे वसाहतीकडे जातें. विहार व पवई यांच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते. १९३६ सालीं येथें गळाच्या शोकिनांचा ‘बाँबे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन’ हा संघ निघाला. त्याचाच आजचा अवतार महाराष्ट्र राज्याच्या नांवानें चालतो. १९५८ सालीं काठावर आय. आय. टी. आली, मागाहून उंच इमारती आल्या. काठानें सायकलींचा रस्ता बांधण्याचा महापालिकेचा बेत उच्च न्यायालयानें २०२२ सालीं बेकायदेशीर ठरविला. तळ्यांत मगरी आहेत, म्हणून पाण्याच्या अगदीं कडेला बसावयाचें नाहीं, ही पहिली ताकीद मिळाली.

नातवानें उत्साहानें चमचा फेंकला. पहिल्या तासांत कांहींच लागलें नाहीं. दुसऱ्या तासांत दोन चमचे जलपर्णींत अडकून तुटले. शेजारीं एक वृद्ध सभासद भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ, कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून त्याच्या गोळ्या वळीत बसले होते. जवळ बडीशेपेची पूड. आम्हांला क्षणभर लाडवांचीच आठवण झाली. त्यांनीं मुलाची डबी पाहिली आणि म्हणाले, “बाळ, चमचे झकास आहेत. पण येथल्या माशांचीं तोंडें पाहिलींस का?”

मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस शाळेंत कोणीं शिकविलें नव्हतें. कटल्याचें तोंड वर वळलेलें; तो वरच्या थरांत राहून पाण्यांतले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरांत वनस्पति कुरतडतो. मृगळाचें तोंड खालीं. तो तळाचा चिखल चाळतो. या तिघांच्याही जबड्यांत दांत नाहींत. दांत आहेत ते घशांत. पळत्या माशाचा पाठलाग करणें हा त्यांचा धर्मच नव्हे, मग चमचा कितीही नाचवा. त्यांच्यासाठीं पिठाचा गोळा आणि चिकाटी. “चमच्यामागें धांवेल असा येथें मुख्य एकच,” ते म्हणाले, “मरळ. पण तो उघड्या पाण्यांत नाहीं, त्या हिरव्या चटईखालीं आहे.”

ती हिरवी चटई म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेंतली. भोंवतालच्या वस्तीचें सांडपाणी तळ्यांत उतरतें आणि त्याच्या खतावर ती फोफावते. तिच्या दाट छायेखालीं पाण्यांतला प्राणवायु कमी होतो, आणि इतर मासे कासावीस होतात. मरळ मात्र पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून तो तेथें टिकतो. तळ्याला जें दुखणें जडलें आहे, त्या दुखण्यांतही जगणारा हा मासा.

हें ऐकून नातू एकदम म्हणाला, “म्हणजे ही चटई आमच्या बर्फासारखी!” वृद्ध गृहस्थांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि पहिल्यानेंच हंसले. त्यांनीं पक्कड घेऊन चमच्याचे तीन कांटे काढले, एकच कांटा लावला, आणि त्याचें उलटें अणकुचीदार टोक दाबून सपाट केलें, म्हणजे सोडतांना माशाला जखम कमी व्हावी. पाणी तेथें उथळ, म्हणून रुंद व पातळ चमचाच निवडला. मग होडींतून आम्ही जलपर्णीच्या कडेला गेलों. पानांच्या दाटींत एक परातीएवढें उघडें पाणी होतें. नातवानें काठीचें टोक त्यावर धरलें. वीतभर उचललें, पडूं दिलें, थांबला. पुन्हा उचललें. नावाडी वल्हें धरून स्तब्ध. पलीकडच्या जोडरस्त्यावर मोटारींची घरघर चालू होती, पण ती आम्हांस फार दूरची वाटली.

सातव्या-आठव्या वेळीं चमचा पडला आणि दोरी आपोआप बाजूला सरकूं लागली. मुलानें हिसका दिला नाहीं. नुसतें टोक वर केलें. काठी कमानीसारखी वांकली. मासा पानांखालीं घुसूं पाहात होता, आणि मुलाचे दोन्ही हात थरथरत होते. शेवटीं होडीच्या कडेला आला तो हातभर लांबीचा, काळसर, सापासारख्या डोक्याचा मरळ. मुलानें हात ओले करून त्याला पाण्यांतच धरलें व कांटा काढला. ओंठावर रक्ताचा एक थेंब होता. मासा दोन श्वासांइतका वेळ त्याच्या तळव्यांवर स्थिर राहिला, आणि मग शेपटीचा एक झटका देऊन चटईखालीं गेला. घरीं येईपर्यंत मुलगा कांहीं बोलला नाहीं.

निघतांना वृद्ध गृहस्थांनीं एक गोष्ट सांगितली, ती गळाच्या प्रत्येक हौशी माणसानें लक्षांत ठेवावी. पावसाळ्यांत मरळाचीं नर-मादी पिलांची राखण करतात. त्या वेळीं ते चमच्यावर धांवतात ते भुकेनें नव्हे, पिलांच्या काळजीनें. त्या दिवसांत पिलांच्या थव्याजवळ गळ टाकणें म्हणजे आईबापांना पिलांपासून तोडणें होय. “तेव्हां मी चमचा घरीं ठेवतों,” ते म्हणाले.

रात्रीं जेवणानंतर आत्याबाईंनीं पुन्हा विचारलें, “काय रे, सोडलास ना? मग धरलास कशाला?”

नातू पुष्कळ वेळ विचार करीत होता. मग सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाला, “आत्याआजी, धरला नसता तर तो तिथें आहे हें मला कळलंच नसतं.”

“तुला कळावं म्हणून त्याच्या ओंठाला कांटा लागायचा होय?” आत्याबाई म्हणाल्या. मुलानें मान खालीं घातली. आम्हांलाही दोघांपैकीं कोणाची बाजू घ्यावी तें उमगेना. तीस वर्षें त्या तळ्याकडे खिडकींतून पाहून त्यांत काय जगतें आहे हें आम्हांला कळलें नव्हतें, ही लाज आमची होती. आणि तो रक्ताचा थेंबही आम्हींच डोळ्यांनीं पाहिला होता.

पुढच्या रविवारीं घरची मंडळी आत्याबाईंसह वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळशाच्या महादेवाला गेली. आत्याबाईंनीं पायरीवर बसून लाह्यांची पुडी नातवाच्या हातीं दिली. त्यानें चिमूटभर लाह्या टाकल्या, मग थांबला, मग पुन्हा टाकल्या. “पाहा,” तो आत्याबाईंना हळूच सांगूं लागला, “मोठे आधीं खालींच थांबतात. लाही वर स्थिर झाली कीं मग येतात.” आत्याबाई पुढें वांकून पाहूं लागल्या. नव्वद वर्षांत हें त्यांच्या लक्षांत आलें नव्हतें, असें त्यांनीं परतीच्या वाटेवर स्वतःच सांगितलें.