कुरळ्या केसांची निगा

कुरळ्या केसाच्या वळणांमुळे टाळूचे तेल टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे केस कोरडा राहतो आणि हवेतला ओलावा शोषून फुगतो. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात पाणी बोअरचे आणि क्षाराचे असेल, तर साबणाचा थर केसांवर बसून ते आणखी राठ होतात. अशा पाण्यात रोज धुणे कुरळ्या केसांना सोसत नाही. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. कोरडे केस ओढून विंचरणे तर निव्वळ छळ. केस ओले असतानाच, थोडे तेल लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवावा. मराठवाड्यात घरोघरी ओळखीचे असलेले जवस इथे फार उपयोगी पडते: मूठभर जवस दोन पेले पाण्यात उकळून गरम असतानाच गाळले की बुळबुळीत चीक मिळतो. थंड झाल्यावर तो ओल्या केसांना लावला की वळणे जागेवर राहतात.

गुंता तसाच राहिला तर जट होते. ती देवीची खूण मानून पूर्वी कित्येक मुली यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, हे विसरता येण्याजोगे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून अशा जटा कापून देतात. जटेचे कारण गुंता, मळ आणि न फिरलेली फणी एवढेच असते.