आडव्या बाटल्या

घरात नवी वस्तू आली की तिच्यापाठोपाठ तिच्या जागेचा प्रश्न येतो. पुस्तकांचे तसे बरे असते. ती कोठेही राहतात. माझ्याकडे तर ती खाटेखालीही सुखाने नांदत आहेत. पण दिंडोरीकडे वाईनची द्राक्षे लावणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. ज्या कारखान्याला तो माल घालतो तेथल्या चार-सहा बाटल्या तो दर गुढीपाडव्याला मला आणून देतो. आम्ही नवराबायको वर्षाकाठी दोन-तीन उघडणार. तेव्हा यंदा शिल्लक बारावर गेली. 1949 चा दारूबंदीचा कायदा या राज्यात अजून हयात आहे, म्हणून परवाना आधीच काढून ठेवलेला होता. राहिली होती ती मांडणी.

मांडणी हा शब्दच पाहा. त्यात 'मांडणे' आहे, म्हणजे चारचौघांनी पाहावे असे लावणे आहे. दुकानात गेलो तर तेथे सगळा मांडण्याचाच थाट! लोखंडी वेलबुट्टीचे चक्र काय, पाठीवर एकच बाटली घेऊन वाकलेला लोखंडी हमाल काय, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायची शिडी काय! भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. बारा बाटल्यांचे पंधरा किलो हल्लीच्या चार इंची भिंतीत दोन खिळे ठोकून टांगायचे, म्हणजे खाली बसणाऱ्याच्या कपाळमोक्षाची सोयच.

पण मुख्य अडचण वेगळीच. वाईनला मुळी मांडलेले आवडत नाही. तिला उजेड सोसत नाही, उष्मा सोसत नाही, हादरे सोसत नाहीत. बूच खरेखुरे, झाडाच्या सालीचे असेल, तर बाटली आडवी ठेवावी लागते. आतल्या वाईनने ते ओले राहते. सुकले की आक्रसते, आणि फटीतून हवा आत शिरून वाईन आंबते. फिरकीच्या झाकणाची बाटली मात्र उभी राहिली तरी चालते, आणि माझ्या बारांपैकी आठ तशाच आहेत. जितकी जुनी तितकी चांगली, हाही एक समजच. बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच भरलेल्या असतात. ज्याला दहा-वीस वर्षे मुरवायची हौस आहे त्याने बारा-तेरा अंशांवर राहणारे विजेचे कपाट घ्यावे. आमच्या पुण्यात वैशाखात पारा चाळिशीकडे धावतो, तेथे लाकडी फळी काही हिमालय आणून देत नाही. आमच्यासारख्यांना निवांत, काळोखी, त्यातल्या त्यात थंड जागा पुरते. काहीजण फ्रिजच्या डोक्यावर बाटल्या रचतात. तेथे ऊब आणि थरथर दोन्ही फुकट मिळतात.

काळोखी, थंड, जाग नसलेली जागा! जुन्या वाड्यातल्या माजघराचेच हे वर्णन झाले. उतरंड तेथे असे, दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या तेथे असत, आणि त्यांना उगीच कोणी हलवीत नसे. आता आमच्या सदनिकेत चहूकडून ऊन येते आणि आम्ही त्याचे पैसे मोजलेले असतात.

हे सगळे मोजमाप मी करीत होतो, पण खरा प्रश्न फूटपट्टीने सुटणारा नव्हता. माझी आई 74 वर्षांची आहे. तिच्या माहेरची जमीन थोरल्या भावाने दारूत घालवली. वहिनीच्या पाटल्या कशा गेल्या ते तिने डोळ्यांनी पाहिले. ती जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेते, आणि आसवात आपोआप तयार झालेले मद्य असतेच, हे मला ठाऊक आहे. पण असल्या मुद्द्याने आईशी वाद जिंकू नये. ती एवढेच म्हणाली, "घरात नको असं मी म्हणत नाही. पण येता-जाता माझ्या डोळ्यांसमोर नको."

आणि इकडे त्या मुलाने सहज विचारले होते, "सर, तुम्ही त्या ठेवता कुठं?" त्याचे ते पीक होते. ते जुन्या वर्तमानपत्रांमागे दडवून ठेवायचे?

शेवटी बोळातल्या फडताळाची निवड झाली. त्याला उन्हाची तिरीप नाही, भिंत आतली, दार लाकडी. सुताराकडून दोन फळ्यांना अर्धचंद्राकृती खाचा पाडून घेतल्या. पुढच्या फळीवर मान, मागच्या फळीवर अंग. दोन खाचांच्या मध्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगितले, कारण साधी बाटली साडेसात सेंटिमीटर रुंद असली तरी फसफसणाऱ्या वाईनची बाटली अधिक पोटाळ असते. आडव्यांच्या चिठ्ठ्या वर, म्हणजे वाचण्यासाठी बाटली फिरवावी लागत नाही. उभ्या राहणाऱ्या आठ जणी खालच्या कप्प्यात. लोणच्याच्या बरण्या तेथून आईनेच उचलल्या, मला हात लावू दिला नाही.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा मी फडताळ उघडून दाखवले. तो उकिडवा बसला, एका बाटलीची चिठ्ठी वाचून म्हणाला, "ही खालच्या वावरातली." आई बोळाच्या तोंडाशी, फडताळाकडे पाठ करून उभी होती. तशीच उभी राहून तिने विचारले, "छाटणी झाली का रे? पाऊस उघडीप देईल असं दिसत नाही."

"नाही ना, आजी," तो म्हणाला, आणि उठून तिच्याकडे गेला.