आजच्या दिवसापुरता नियम



मागच्या वेळी दशलक्षण पर्वातल्या स्वयंपाकावर लिहिलं होतं. आजचा विषय वेगळा आहे. धाकट्या मुलाला विचारून, त्याने ‘लिही’ म्हटल्यावरच लिहिते आहे. त्याला दारूचा आजार आहे. ‘होता’ असं लिहायला आवडलं असतं, पण हा आजार ताब्यात राहतो, संपत नाही.

मद्य, मांस, मधाचा त्याग हे आपले मूलगुण. पाठशाळेतल्या पोरांनाही सप्तव्यसनं तोंडपाठ असतात. मग ज्या घरात बाटली सापडते, त्या घराने बोलायचं कुणाशी? आपली बाई दुसऱ्या दिवशी मंदिरात नेहमीसारखी अभिषेकाला उभी राहते, एवढंच.

मुलाने महाराजांसमोर दोनदा आजन्म त्याग घेतला. दोन्ही वेळा मोडला. मोडल्याची लाज इतकी, की त्यानंतर तो जास्तच प्यायला.

आधी डॉक्टर गाठले. हे मुद्दाम सांगते, कारण घरात कोंडून दारू सोडवणारे लोक मी पाहिलेत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. औषधांवर ते दिवस निघाल्यावर तिथल्या समुपदेशक ताईंनी ए.ए.चं, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं नाव सांगितलं. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन अशा दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरलं, तिथून हे सुरू झालं. त्यांच्या वेबसाइटवर शहरांप्रमाणे मीटिंगची यादी मिळते. निघण्याआधी फोन मात्र करा, जागा आणि वेळ बदलते. ज्यांना कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते, ओपनला घरचेही चालतात. आम्ही दोघं त्याच्याबरोबर ओपनला गेलो. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, आणि त्यावर अवघडून बसलेले मोठे बाप्ये. नुसतं पहिलं नाव सांगायचं आणि बोलायचं. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरली. यांनी सवयीने पाचशेची नोट काढली, तर पिशवीवाल्या गृहस्थांनी हसून परत केली. बाहेरच्यांचे पैसे ते घेतच नाहीत. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं, त्यामुळे हे नोट हातात धरून थोडा वेळ तसेच बसले.

मला मात्र वेगळीच गोष्ट लागली. तिथे जन्मभराचं कुणी बोलत नाही. आज प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या. मला रत्नकरंड श्रावकाचार आठवला. जन्मभरासाठी घेतलेला तो यम, ठरावीक काळापुरता तो नियम. यम मोडून बसलेल्या माझ्या मुलाला आजचा नियम झेपला. रोज सकाळी नव्याने घेतो. मधे एकदा घसरला, चार दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसला. कुणी हाकललं नाही. परवा अकरा महिने झाले.

त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो. आपण जगाचा कर्ता मानत नाही, म्हणून मी जरा बिचकले होते. पण ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक तिथे आहे. मुलगा णमोकार म्हणतो. चौथी पायरी स्वतःच्या गुणदोषांची लेखी मोजदाद करायची आहे. बी. कॉम.ला आम्ही वर्षअखेरीचा स्टॉक काढायला शिकलो, तसंच. पाचवीत तो हिशेब दुसऱ्या माणसासमोर वाचायचा. आलोचना करणाऱ्या घराला हे परकं वाटायला नको.

घरच्यांसाठी वेगळे गट आहेत, अल-अ‍ॅनॉन. ए.ए.च्या त्या पहिल्या दोघांपैकी बिल यांच्या पत्नी लोईस यांनी १९५१ मध्ये ते उभे केले. पिणारा ए.ए.ला जात नसला, तरी आपण जाऊ शकतो. मी शनिवारी जाते. आमच्या भागातला गट सोडून दोन बस बदलून लांबचा धरला, कारण उघड आहे. तिथे पहिल्यांदा ऐकलं की आजार मी दिलेला नाही आणि तो बरा करणंही माझ्या हातात नाही. त्या रात्री मला सलग झोप लागली. पुष्कळ दिवसांनी. घरी आल्यावर कपाटातलं द्राक्षासव तेवढं काढून टाकलं, आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो.

मीटिंग सातची, म्हणजे हिवाळ्यात सूर्यास्तानंतर. चहा-बिस्किटं येतात. मी नको म्हणते, कुणी कारण विचारत नाही. चार महिन्यांपूर्वी एक नवी बाई आली. तिनेही चहा नको म्हटलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पुढे कधीतरी एका पंचकल्याणकात ती दिसली, तेव्हा दोघींनी नुसतं जय जिनेंद्र केलं.

शनिवारी मी साडेपाचलाच जेवून घेते. डबा करते तो दोघींना पुरेल असा, कारण तिला कामावरून थेट यावं लागतं. थालीपीठ आणि दही. सूर्य मावळायच्या आत ती बसस्टॉपवर पोचली, तर तिथेच खाऊन घेते.