सुईदोऱ्याची तपसाधना

‘फादर, सुईदोरा आणला तर चालेल ना?’

उपवासकाळातील तपसाधनेची सूचना आम्ही रविवारच्या मिस्सेअखेर वाचून दाखविली, तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर आम्हांला गाठून एका आजींनी हा प्रश्न केला. बायबल, वही, पेन आणि शाल एवढेच सामान आणावे, असे सूचनेत स्पष्ट म्हटले होते. आम्ही हसून म्हणालो, ‘आजी, तीन दिवस हातांनाही विश्रांती द्या की!’ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे म्हणजे होकार, असा सोयीस्कर अर्थ आम्ही काढला.

ह्या भगिनींची ओळख करून द्यावयास हवी. वसईतील आमच्या धर्मग्रामात दर बुधवारी दुपारी जुन्या शाळेच्या एका वर्गात त्या गोधड्या शिवण्यासाठी जमतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर दोघीतिघींनी सुरुवात केली. आज त्या चौदा आहेत. सर्वांत धाकटी बेचाळीस वर्षांची, सर्वांत वडील अठ्ठ्याहत्तर. घरोघरची जुनेरे, फाटके सदरे, शाळेचे गणवेश त्या गोळा करतात आणि थंडीपूर्वी तयार गोधड्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पाठवितात. तरुणांची तपसाधना होते, गायकवृंदाची होते, मग आमची का नाही, असा त्यांचा रास्त सवाल होता. म्हणून फेब्रुवारीअखेरीस एका मिनीबसमधून आम्ही सारे खंडाळ्यास निघालो. घाट चढेपर्यंत जपमाळेचे तीन भाग झाले आणि उरलेल्या वेळात कोणाच्या मुलीचे कोठे ठरले, ह्याचीही उजळणी झाली.

ह्या चौदाजणींत दोघी सख्ख्या जावा होत्या. सासूबाईंच्या पश्चात वाडीच्या वाटणीवरून दोन भावांत वाद पेटला आणि तो कोर्टात गेला. वसईच्या वाड्यांना सोन्याचा भाव आल्यापासून असे वाद आम्हांला नवे नाहीत. घर आशीर्वादित करावयास जावे तर एका अंगणात दोन कुंपणे दिसतात. ह्या दोघी सहा वर्षे एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. बुधवारी दोघीही येत, पण एक दाराशी बसे आणि दुसरी खिडकीशी. पुढे जे लिहीत आहोत ते दोघींना विचारून लिहीत आहोत. पापनिवेदनात कोण काय म्हणाले हा विषय अर्थातच येथे नाही. हे सारे व्हरांड्यातले आहे.

पहिल्या दिवशी आमची तपसाधना सपशेल फसली. धर्मगुरू झाल्यापासून दरवर्षी एक ह्याप्रमाणे आम्ही स्वतः पंचवीसहून अधिक तपसाधना केल्या आहेत. मौन, प्रवचन, चिंतन, आराधना हा क्रम अंगवळणी पडलेला. तोच क्रम आम्ही ह्या भगिनींपुढे ठेवला. सकाळचे प्रवचन झाले आणि तासाभराच्या चिंतनासाठी त्या बागेत पांगल्या. थोड्या वेळाने पाहतो तो तिघी बाकावर बसल्या बसल्या पेंगत आहेत, एकजण तुळशीची वाळलेली पाने खुडत आहे आणि पायऱ्यांवर भेटलेल्या त्या आजी स्वतःच्या पदराचा निघालेला धागा बोटाभोवती गुंडाळून पुन्हा सोडत आहेत.

दुपारच्या प्रवचनासाठी आम्ही जुन्या वस्त्राला लावलेल्या नव्या ठिगळाचा प्रभूचा दाखला निवडला होता. गोधडीवाल्यांना तो आवडेल, असा आमचा कयास. नवे ठिगळ म्हणजे नवा करार, जुने वस्त्र म्हणजे जुना, अशी मांडणी आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. प्रवचन संपल्यावर एकीने शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

‘फादर, कापड नवं आहे म्हणून फाटत नाही. ते धुतलेलं नसतं म्हणून फाटतं.’

आम्हांला नीट समजले नाही. तेव्हा मौन बाजूला ठेवून चौघींनी आम्हांला समजावले. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो. जुन्या साडीचे जे काही आटावयाचे ते केव्हाच आटलेले असते. दोन्ही शिवून टाकले आणि गोधडी धुतली की ठिगळ आकसते, टाके ओढते आणि जुने कापड टाक्यांच्या रेषेत उसवते. म्हणून कोरे कापड आधी दोनदा भिजवून वाळवावयाचे, मग जुन्याशेजारी बसवावयाचे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न खुमवलेले, कोरे’ असा आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु ते वस्त्र का फाटते, हे कोणालाही विचारावे असे आम्हांला कधी सुचले नव्हते. नाझरेथच्या घरात फाटलेले कपडे कोण सांधीत असे, हे उघड आहे. प्रभूने तो दाखला कोठे ऐकला असेल, ह्याचा विचार आम्ही त्या दिवशी प्रथम केला.

चहानंतर त्या आजी आमच्याकडे आल्या. ‘फादर, राग मानू नका. हात रिकामे असले की आमचं डोकं भरतं. हात चालू असले की डोकं रिकामं होतं. मग तुमचा देव आत येईल.’

‘सुईदोरा आणला आहे?’ आम्ही विचारले.

‘सगळ्यांनीच आणलाय.’

सायंकाळी सभागृहातील खुर्च्या भिंतीशी सरकवून गाठोडी सोडण्यात आली. मौन कायम राहील, एवढीच अट आम्ही घातली. थोरल्या जाऊबाईंच्या गाठोड्यातून एक तांबडे लुगडे निघाले. आमच्याकडच्या जुन्या बायका नेसत असत तसे, विटून विटेच्या रंगाचे झालेले. त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला धाकटीने आपल्या पिशवीतून तसेच एक लुगडे काढले. दोन्ही सासूबाईंची होती. जमिनीआधी ह्या घरात झालेली एकमेव वाटणी ती, आणि तीही वकिलावाचून झालेली. आणताना एकीला दुसरीची कल्पना नव्हती. साऱ्यांच्या हातांतील सुया क्षणभर थांबल्या. मौन असल्यामुळे कोणाला काही बोलता आले नाही, आणि हे फार बरे झाले.

मग आजींनी दोन्ही लुगडी घेतली, एक खाली अंथरले, मध्ये जुन्या साड्यांचे थर दिले, दुसरे वर पसरले आणि कच्चा दोरा घालून टाकला. चार बाजूंना चौघी बसवावयाच्या होत्या. थोरलीला त्यांनी एका बाजूस बसविले, धाकटीला नेमके तिच्या समोर, आणि उरलेल्या एका बाजूस स्वतः बसकण मारली. हे सारे बोट दाखवून. सहा वर्षे न बोलणाऱ्या दोघी मौन पाळणाऱ्या घोळक्यात ओळखू येत नाहीत, ही गोष्ट आमच्या आधी आजींच्या ध्यानात आली होती.

दुसऱ्या दिवशी प्रवचने आम्ही निम्म्याने कमी केली. रात्री मात्र हल्याळच्या बाजूला पाहिलेल्या गोधड्यांविषयी थोडे बोललो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून सह्याद्रीच्या रानात आसऱ्याला गेलेल्या माणसांचे ते बव्हंशी वंशज. त्यांच्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत आणि मुसलमानही. घरात बोलतात कोकणी. आमच्या वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत ज्यांची सत्ता होती, त्यांच्याच जहाजांतून ती माणसे आली. आपल्या श्रद्धेचा इतिहास सांगताना हे दुसरे जहाज आपण सहसा विसरतो. सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. कोपऱ्यापासून आरंभ करून त्या कडेकडेने टाके घालीत, फेऱ्यावर फेरा, मध्यापर्यंत पोहोचतात. ख्रिस्ती घरच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले तुकडे बसवितात, त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते.

‘आपणही कडेनेच धरतो,’ एकजण पुटपुटली. ‘कडा धरल्या की आतलं सरकत नाही.’ तेवढे मौनभंग आम्ही कानाआड केले.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्याचे कारण थंडी नव्हते. वाटणीचा वाद नवा असताना आम्ही एका रविवारी प्रवचन केले होते. भावाला वतनाची वाटणी करावयास सांगा, अशी विनवणी एकाने प्रभूला केल्याचा प्रसंग संत लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. नाव आम्ही घेतले नव्हते. परंतु आम्ही लोभाविषयी बोलू लागताच लोकांच्या माना थोरल्या जाऊबाईंच्या बाकाकडे वळल्या आणि ते आम्हांला वेदीवरून दिसले होते. त्यानंतर वर्षभर त्या शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जात होत्या. त्या प्रसंगात प्रभूने न्यायाधीश होण्याचे नाकारले आहे. तोच उतारा वाचून आम्ही न्यायाधीश झालो होतो.

पहाटे त्या व्हरांड्यात एकट्याच बसून गोधडीच्या काठाचे टाके पाहत होत्या. आम्ही शेजारी बसलो आणि त्या रविवारबद्दल क्षमा मागितली. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

‘तुम्ही बोललात ते सगळं खोटं नव्हतं, फादर. पण आधी घरी यायला हवं होतं. चहा पिऊन बोलला असतात, तर मी ऐकलं असतं.’

दर आठवड्याला शेकडो माणसांपुढे बोलणाऱ्या आमच्यासारख्याला ह्यावर एक शब्दही सुचला नाही. त्यांनीही अधिक काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी सुईत ओवण्यासाठी दोरा आमच्याकडे दिला. त्यांचा चश्मा खोलीत राहिला होता. आमचाही राहिला होता. ओवण्यास बराच वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी चौघी काठ सोडून गोधडीवर सरकल्या होत्या. शिवून झालेला भाग मांडीवर घेत घेत, प्रत्येक फेऱ्याला त्या बोटभर जवळ येत होत्या. सकाळी अकराच्या सुमारास दोघी जावांचे गुडघे एकमेकींना टेकतील एवढेच अंतर राहिले. आम्ही मागील खुर्चीवर दुपारच्या मिस्सेची तयारी करीत होतो. प्रेषितांच्या कृत्यांतील, यापो येथील टबीथाच्या मृत्यूचे वाचन निवडले होते: संत पेत्र माडीवर येतो तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवितात. पेत्राने तेथे प्रवचन केल्याची नोंद नाही.

तेवढ्यात थोरलीचा दोरा संपला. रीळ धाकटीच्या मांडीशी होते. थोरलीने हात पुढे केला, तो अर्ध्यावर थांबला.

‘दोरा दे गं.’

मौनात ते दोन शब्द सभागृहाच्या चारी भिंतींपर्यंत ऐकू गेले. धाकटीने मान वर केली नाही. रिळावरून हातभर दोरा काढला, दातांनी तोडला आणि दिला. मग क्षणभराने म्हणाली, ‘दुहेरी घ्या, वहिनी. आईंचं लुगडं जड आहे.’

मौनाचा नियम मोडला म्हणून आम्ही खाकरावयास हवे होते. खाकरलो नाही.

जेवणानंतर बस आली तेव्हा मध्यभागी वीतभर जागा टाक्यांवाचून राहिली होती. परतीच्या वाटेवर दोघी एका बाकावर बसल्या, असे लिहिता आले असते तर आम्हांला आवडले असते. त्या वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. गोधडी कोणी न्यावयाची, हा प्रश्न चर्चच्या अंगणात उतरल्यावर निघाला. थोरली म्हणाली, तिला राहू दे. धाकटी म्हणाली, वहिनींचं लुगडं वर आहे. शेवटी आजींनी ती उचलून आमच्या हातांत दिली आणि त्या घरी चालत्या झाल्या.

ती सध्या धर्मगुरूनिवासातील कपाटात आहे. दर बुधवारी ती वर्गात नेली जाते. कधी एक येते, कधी दुसरी, दोनदा दोघीही होत्या. मधली वीत अजून पुरी झालेली नाही. कोर्टाची पुढील तारीख जूनमध्ये आहे. त्याआधी दोन्ही घरी चहाला जावयाचे आम्ही ठरविले आहे. थोरल्या घरी गेल्या मंगळवारी जाऊन आलो.