स्पिंडलने उत्तर द्यायला हवं

सीएनसी राउटरच्या प्रोग्रॅममध्ये ‘एम३ एस१८०००’ लिहिलं की स्पिंडल फिरतो, असं कामावर आलेल्या नव्या पोरांना वाटतं. खरं तर त्याला फिरवतो व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह. या ड्राइव्हला वेग सांगायची जुनी रीत शून्य ते दहा व्होल्टची: दहा दिले की पूर्ण वेग, पाच दिले की अर्धा. जोडायला सोपी, पण या वायरीतून नुसता हुकूम जातो, उलट काहीच येत नाही.

शहापूर-मुरबाडकडे गावातल्या फीडरवर मशीन चालवणाऱ्याला हे परवडत नाही. शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, पावसाळ्यात वीज कडाडली की डीपीचा फ्यूज जातो. व्होल्टेज फारच खाली गेलं की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण संगणक यूपीएसवर असतो, एक्सिसच्या मोटरी तेवढ्या व्होल्टेजवरही चालत राहतात, आणि थांबलेलं बिट सागाच्या फळीत रेटलं जातं. बिट मोडतं ते मोडतं, देव्हाऱ्याची अर्धी कोरलेली जाळीही जाते.

म्हणून मी आरएस-४८५च्या वायरीवर मॉडबस वापरतो; या बोलीत ड्राइव्ह उलट उत्तरही देतो. मॉडबस १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी काढलेला. आमच्याकडच्या बऱ्याच ऑपरेटरांहून वयाने मोठा. रीत शाळेतल्या हजेरीची: कंट्रोलर नंबर पुकारतो, ज्याचा नंबर तोच बोलतो, न विचारता कोणी तोंड उघडत नाही. दोन पोलच्या मोटरला मिनिटाला १८,००० फेऱ्यांसाठी ३०० हर्ट्झ लागतात. ड्राइव्ह हर्ट्झचा शंभरावा भाग मोजत असेल, तर आकडा जातो ३०,०००. सगळा निरोप आठ बाइटचा, शेवटचे दोन बाइट तपासणीचे. ९६०० बॉडला तो आठेक मिलिसेकंदांत पोहोचतो. स्पिंडलला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, त्यापुढे हे काहीच नाही.

पण माझा जीव आहे तो परत येणाऱ्या आकड्यांवर. फ्रिक्वेन्सी हवी तिथे पोहोचली की मगच फीड सुरू होतो; अंदाजाने थांबा टाकावा लागत नाही. ड्राइव्ह ट्रिप झाला की एक्सिस तिथल्या तिथे उभे राहतात. डीसी बसचं व्होल्टेज वाचता येतं: २३० व्होल्टला ते सव्वातीनशेच्या आसपास असतं आणि ट्रिप होण्याआधी उतरताना दिसतं. करंट तर रोज बघावा. सागात सिलिका असते, धार लवकर मरते, आणि त्याच फीडला करंट चढू लागला की बिट बदलायची वेळ झालेली असते. पूर्वी हे कानाने ओळखायचो. अजूनही ओळखतो, पण धूळ ओढणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात कान किती पुरणार?

या उत्तरांवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. ड्राइव्ह सांगतो ती त्याने मोटरला दिलेली फ्रिक्वेन्सी. एन्कोडर नसेल तर शाफ्ट खरोखर किती फिरतोय ते त्यालाही ठाऊक नसतं. शिवाय ‘मॉडबस’ छापलेले काही स्वस्त ड्राइव्ह आपलीच बोली बोलतात. त्यांना सॉफ्टवेअरमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो.

वायरिंगबद्दल सल्ले देणारे पुष्कळ. दोन मीटर वायरीला ९६०० बॉडवर टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर नसला तरी काही अडत नाही. अडतं ते मोटरच्या केबलला खेटून सिग्नलची वायर नेली की. पीळ घातलेली, शील्डची वायर घ्यावी, लांबून न्यावी, आणि यूएसबी कन्व्हर्टर आयसोलेशनचाच घ्यावा. साधा असेल तर स्पिंडल सुरू होताच संगणक कन्व्हर्टरला विसरू शकतो. उत्तर येतच नसेल तर आधी ए आणि बी या वायरी उलटून बघाव्यात. ही नावं लावण्यात कंपन्यांचं एकमत नाही.

इमर्जन्सी स्टॉप मॉडबसवर टाकायचा नाही. लाल बटणाची वायर वेगळी, थेट. आणि ठरावीक वेळात निरोप आला नाही तर ड्राइव्हने आपण होऊन थांबावं, हे पॅरामीटर आधी बघायचं. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ते शून्यावर असतं, म्हणजे बंद. मी एक सेकंद ठेवतो. मग बिट आणि कॉलेटचा नट दोन्ही काढून स्पिंडल फिरवायचा आणि चालू असताना ४८५चा कनेक्टर उपटायचा. थांबला नाही, तर मी त्या मशीनवर लाकूड चढवू देत नाही.