उत्तराचा कागद

कोरोनाची दोन वर्षे सोडली तर डिसेंबर महिना आला की सरकार आमच्या शेजारी येऊन बसते. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते, आणि वर्ध्याहून नागपूर अवघे पाऊणशे किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघायचे, यशवंत स्टेडियमजवळ जमायचे, निळे झेंडे घेऊन मोर्चात चालायचे, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांनी अडवले की रस्त्यावर बसकण मारायची, शिष्टमंडळ निवेदन देऊन येईपर्यंत घोषणा द्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांचा हा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. आमचाही आहे. मोर्चा निघालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण सभागृहात प्रश्नोत्तराचाही एक तास असतो. त्या तासात आपला प्रश्न कोणी विचारला का आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, हे परतीच्या गाडीतल्या माणसांना ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'गदारोळ' आणि 'सभात्याग' एवढेच छापून येते.

आमच्या वस्तीतल्या एका आजीने एकदा आम्हाला विचारले, "काहो भाऊ, थो आमदार मंत्र्याले प्रश्न इचारते म्हनतेत, मंग थ्याचं उत्तर आपल्या घरी काहून येत नाई?" आजी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण भल्याभल्या शिकलेल्यांना जे सुचत नाही ते त्यांना सुचले.

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न म्हणजे काय असतो ते आधी थोडक्यात पाहू. तारांकित प्रश्न म्हणजे ज्यावर फुलीसारखी चांदणी असते तो. त्याला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे आणि त्यावर सभासदांनी उपप्रश्न विचारायचे. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, आणि त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रात प्रश्नाची भाषासुद्धा ठरलेली आहे. अमुक जिल्ह्यात अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचीही भाषा ठरलेली. "होय." "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." आणि सगळ्यात लाडके उत्तर म्हणजे "प्रश्न उद्भवत नाही."

या चार शब्दांच्या उत्तरांत माणसांचे जीव अडकलेले असतात.

बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. नेमणूक सरकारची, म्हणून त्यांनी सरकारची भीड बाळगली काय? मुळीच नाही. फेब्रुवारीतच त्यांनी अर्थसंकल्पावर टीका केली. मार्चमध्ये शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारच्याच अहवालातला हिशेब सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शिक्षण याच चालीने चालले तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुली यायला ३०० वर्षे! लोकांकडून दारूच्या करापोटी काय वसूल होते आणि त्यांच्या शिक्षणावर काय खर्च होते, हेही त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. सरकारचा कागद सरकारच्याच पुढे धरायचा, ही त्यांची रीत. नुसता आवाज चढवून मंत्री अडचणीत येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. बाबासाहेबांनी दोन्ही बाकांवर बसून पाहिले होते. १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना आणि पुढे १९५१ पर्यंत कायदामंत्री असताना ते उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर होते. राजीनामा देऊन १९५२ साली राज्यसभेत आले ते पुन्हा विचारणारे म्हणून. सप्टेंबर १९५४ मध्ये अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी भूमिहीनांना जमीन द्या म्हटले आणि पैसा कुठून आणायचा तेही सांगितले. गांधीजींसाठी रद्द केलेला मिठावरचा कर पुन्हा बसवा आणि त्याचा निधी अस्पृश्यांच्या वसाहतीसाठी गांधीजींच्याच नावाने ठेवा! सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या आपल्या माणसांना ही सूचना माहीत असायला हवी. ती मान्य झाली नाही. पण नोंदीत आहे. "पैसा नाही" असे म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

विचारत राहण्याला किती वर्षे लागतात, याचे उदाहरण आमच्या घरातच आहे. आमच्या मोठेबाबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर कुठल्याही कागदावर त्यांनी 'बौद्ध' खेरीज दुसरा शब्द लिहिला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा राहत नव्हता. १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ साली शीख आले, बौद्ध बाहेरच. वर्धा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पोटाची भाकर रेल्वे आणि पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो या केंद्राच्या दोन ठिकाणी शोधली जाते, तेव्हा याचा अर्थ काय होत होता तो वाचकांना सांगायला नको. कित्येकांनी घरात बुद्धाची मूर्ती आणि अर्जावर 'हिंदू' असा दुहेरी संसार केला. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही, लेकरे उपाशी ठेवून कोणी तत्त्व सांभाळावे असे आम्ही म्हणणार नाही. मोठेबाबांनी ते केले नाही. केंद्राच्या एका खात्यातली जागा त्यांच्या हातून गेली आणि ते जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलत राहिले.

दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधून लोकसभेत गेले, नंतर राज्यसभेत होते. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेल्या मागण्यांच्या निवेदनात बौद्धांच्या सवलतींची मागणी होती आणि त्या वर्षी ६ डिसेंबरला सत्याग्रह सुरू झाला. सरकारे आली, गेली. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या काळात १९९० साली कायदा दुरुस्त होऊन 'बौद्ध' हा शब्द त्या आदेशात बसला. दीक्षेपासून ३४ वर्षे. मोठेबाबांची नोकरीची वये केव्हाच सरली होती. बातमी ऐकून ते एवढेच म्हणाले, "पोरायच्या कामी येईन."

पोरांच्या कामी आले खरे. पण पोरांपुढे वेगळाच कागद उभा राहिला.

आमची मुलगी २०२२ साली परिचारिकेचा अभ्यासक्रम करीत होती. कॉलेजचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण असे एकच कॉलेज नाही. शिष्यवृत्ती आलेली नाही, सबब फी भरा. फी भरली नाही, सबब गुणपत्रिका मिळणार नाही. मुलीची आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते, आम्ही हमालीचे काम करतो. गुणपत्रिका नाही म्हणजे पुढच्या वर्षाचा प्रवेश नाही. वस्तीत चौकशी केली तेव्हा असे एकूण ११ जण निघाले.

एका आमदारांनी पेपरातली बातमी पाहून या विषयावर आधीच एक प्रश्न टाकला होता. जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी शिष्यवृत्तीपासून वंचित आहेत, हे खरे आहे काय? उत्तर आले, "हे खरे नाही." आणि पुढच्या तिन्ही भागांना, "प्रश्न उद्भवत नाही." आमच्या घरी मुलगी उशीत तोंड खुपसून रडत होती आणि सरकारदरबारी प्रश्न उद्भवत नव्हता!

'अनेक' या शब्दाला 'नाही' म्हणणे सोपे असते. म्हणून विहारात बसून आम्ही अकरा जणांची कागदे गोळा केली. महाडीबीटीच्या पोर्टलवरच्या अर्जाचा क्रमांक, अर्ज भरल्याची तारीख, कॉलेजने तो पुढे पाठवला की नाही, बँकेचे खाते आधारला जोडले आहे का, फीच्या पावत्या. महिला मंडळातल्या बाईंनी ते सगळे एका मोठ्या तक्त्यावर लिहून काढले. तो घेऊन आम्ही त्याच आमदारांकडे गेलो. आमदार आमच्या पक्षाचे नाहीत, हेही सांगून टाकतो. त्यांच्या सहायकाने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "असं आणत जा, भाऊ."

पुढच्या अधिवेशनात प्रश्न गेला. त्यात आकडा होता, ११. गंमत अशी की उत्तर यायच्या आधीच मुलांच्या घरी फोन यायला लागले. प्रश्न दाखल झाला की मंत्रालयातून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे माहिती मागवली जाते, आणि जिल्ह्याच्या साहेबाला सही करून लिहून द्यावे लागते. ज्या टेबलावर फाईल आठ महिने झोपली होती तिथून ती आठ दिवसांत उठली. छापील उत्तर आले ते, "हे अंशतः खरे आहे." त्या अंशात आमची मुलगी होती. सात जणांचा पैसा जमा झाला, चार राहिले. ते उत्तर आम्ही आजींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "अंशतः म्हंजे आर्धं ना? मंग आर्धं अजून बाकी हाय."

बाकी अर्ध्यात एक मेख आहे. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात असताना सुरू झालेली केंद्राची योजना. मधल्या काळात खर्चाचा मोठा बोजा राज्यांवर पडला आणि योजना रखडत गेली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ठरवले की ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. केंद्राचा वाटा सरळ मुलाच्या खात्यात. म्हणजे आता एका मुलीच्या फीचा प्रश्न अर्धा मुंबई-नागपुरात आणि अर्धा दिल्लीत विचारावा लागतो. आमदाराला ६० टक्क्यांबद्दल विचारले तर उत्तर मिळते, ही बाब केंद्राची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगाव डेपोच्या हद्दीत जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. ठेकेदाराकडे रोजंदारीवर गेलेली आसपासच्या गावांतली माणसे त्यात होती. संरक्षण खाते दिल्लीचे, तेव्हा त्या कामाची जबाबदारी कोणावर हे विचारायचे तर ते काम खासदाराचे.

खासदाराचीही एक अडचण असते. वसंतराव साठे १९८० पासून १९९१ पर्यंत वर्ध्याचे खासदार होते आणि त्यातली बरीच वर्षे केंद्रात मंत्री. आपला माणूस मंत्री झाला म्हणून गावोगाव फटाके उडाले. पण मंत्री झालेला खासदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो. १९९१ साली वर्ध्याने मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून दिले, तेव्हा विचारणारा माणूस दिल्लीला गेला. कोण चांगला, कोण वाईट, या वादात आम्ही शिरत नाही. मत देताना हा हिशेब घरात बोलला जावा.

प्रश्नांचा बाजारही झालेला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेल्या ११ खासदारांना डिसेंबर २००५ मध्ये संसदेने काढून टाकले, त्यात आपल्या खानदेशातले दोघे होते. आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचे कारण सांगून संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लेखी उत्तरे मिळाली, पण उभे राहून उपप्रश्न विचारायची सोय गेली. बाजार भरतो आणि तास बंद होतो, त्याअर्थी ही वस्तू किमतीची असली पाहिजे.

आता आमच्या विहारात एक फाईल आहे. पौर्णिमेला वंदना झाली की महिला मंडळातल्या बाई आपल्या जिल्ह्याची उत्तरे वाचून दाखवतात. संसदेतली मोबाईलवर हिंदी-इंग्रजीत सापडतात, ती आमची मुलगी मराठीत सांगते. राहिलेल्या चौघांपैकी दोघांचे खाते आधारला जोडून झाले आहे. तिसऱ्याचा अर्ज कॉलेजने पुढे पाठवलाच नव्हता, त्याचे पत्र मिळाले आहे. चौथा मुलगा मध्येच शिक्षण सोडून पुण्याला कंपनीत लागला. त्याचे नाव तक्त्यावरून काढायचे की ठेवायचे, यावर मागच्या पौर्णिमेला बराच वाद झाला. आजी म्हणाल्या, ठेवा. 'विलंबामुळे किती विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले' असा आणखी एक भाग आम्ही प्रश्नात घातला आहे. त्याच्या आईची सही तेवढी राहिली आहे, ती रविवारी घ्यायची आहे.