रिकामा डबा

आमचे चिरंजीव दुसरीत गेले आणि त्यांचा डबा रिकामा येऊ लागला. पोळीभाजी म्हटली की नाक मुरडणारा मुलगा चक्क गवारीची भाजी संपवतो, या आनंदात आम्ही उभयतांनी दोन आठवडे काढले. मग सौभाग्यवतींच्या लक्षात आले, की शाळेतून आल्या आल्या हा वखवखल्यासारखा खातो. खोदखोदून विचारल्यावर कळले, की चौथीतला एक दांडगा मुलगा रोज मधल्या सुट्टीत त्याचा डबा फस्त करतो.

"मग सांगितलं का नाहीस?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"तुम्हीच म्हणता ना बाबा, चहाड्या करू नयेत!"

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. पण चहाडी आणि तक्रार यांतला फरक घरच्या विद्यार्थ्याला सांगायचा राहून गेला होता. दुसऱ्याला अडकवण्यासाठी करतात ती चहाडी, कुणाची तरी सुटका व्हावी म्हणून करतात ती तक्रार. बरे, त्याने सांगितले असते तरी मी काय म्हटले असते? "दुर्लक्ष कर." हा माझा आवडता मंत्र. एक ज्येष्ठ सहकारी आपल्या वाट्याच्या पेपरांचा गठ्ठा हसत हसत माझ्या टेबलावर आणून ठेवतात, तेव्हाही मी तोच जपत असतो.

गंमत म्हणजे कॉलेजात मी रॅगिंगविरोधी समितीवर आहे. महाराष्ट्राचा 1999 सालचा कायदा सांगतो, की तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने काही केले नाही, तर त्या गुन्ह्याला साथ दिल्याचा दोष त्यालाही लागतो. हे कलम मी दर वर्षी नव्या मुलांना खणखणीत आवाजात ऐकवतो. "आणि घरातले संस्थाप्रमुख कोण?" एवढेच सौभाग्यवतींनी विचारले.

'दोन ठेवून दे' असे सांगावेसे वाटले होते. पण चौथीतल्या भीमापुढे आमच्या काडीपैलवानाचा काय निभाव लागणार? तेव्हा तालीम करायचे ठरले. ताठ उभे राहायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे, "नको, हा माझा डबा आहे," असे मोठ्याने म्हणायचे आणि तडक बाईंकडे जायचे. दांडगा मुलगा अर्थात मी. कमरेवर हात ठेवून मी दरडावले, "आण तो डबा!" आजीला हसू आवरेना. चिरंजीवांनी मात्र निमूटपणे झाकण उघडले आणि दोन्ही हातांनी, आदबीने, डबा माझ्यापुढे धरला.

आजीचे हसणे तिथेच थांबले. मला पुढचे वाक्य सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. "मुलंच ती, चालायचंच," असे बाई म्हणाल्या. एरवी मी "बरोबर आहे" म्हणून उठलो असतो. त्या दिवशी खुर्ची सोडली नाही. मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यात उभ्या राहू लागल्या. पण बाई सगळीकडे कशा पुरणार? म्हणून घरची तालीम चालूच ठेवली. पहिले दोन दिवस नुसते ओठ हलले. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू "काय झालं हो?" म्हणून डोकावून गेल्या.

पुढच्या आठवड्यात डबा रिकामा आला, आणि चिरंजीवांनी आल्या आल्या खायला मागितले नाही. "तो नुसता बघतच राहिला, बाबा!"

परवा चकल्या तळून झाल्या, तेव्हा सवयीने मी त्याच्या बशीतली एक उचलली. मान ताठ झाली, नजर माझ्या तोंडावर रोखली गेली. "नको. ही माझी चकली आहे." मी ती मुकाट्याने परत ठेवली.

सुट्टी संपली की तो पेपरांचा गठ्ठा परत करायचा आहे. सध्या रात्री सगळे झोपले की आरशासमोर माझी तालीम चालते.